एक येणं, एक जाणं

तिकीट तपासनीस डब्यात शिरला तशी देओलिंदाने पर्समधून नोट काढून हातात धरली. ती चढली त्या स्टेशनावरची तिकिटखिडकी केव्हाच कायमची बंद झाली होती. तिकीट गाडीतच घ्यायचं. समोर तिचा धाकटा भाऊ अबीलियो संत्रं सोलत बसला होता. आईच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, दोघं गावी, तुआला, निघाली होती.

आई गेल्यापासून देओलिंदा रडली नव्हती. दफनाच्या वेळी गावातल्या बायका टक लावून बघत होत्या, आणि इतकी वर्षं फ्रान्समध्ये राहून हिचे डोळेही तिकडचेच झाले, असं एकीने तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलंही होतं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. आता खिडकीबाहेर नदी होती, उतारावर द्राक्षमळे होते, आणि ती ते नुसतं बघत होती.

फोनमधला रेल्वेचा पास मुलाने काढून दिला होता. युरोपभर हव्या त्या गाडीत बस, पण स्वतःच्या देशातल्या गाड्यांत मात्र पास एकदाच बाहेर पडताना आणि एकदाच परत येताना चालतो, हे त्याने तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. देओलिंदाने मनाशी पक्की खूणगाठ बांधली. इथे परत येण्याचा प्रवास दफनाला येताना झाला. बाहेर जाण्याचा शिल्लक होता, तो फ्रान्सला निघताना लागणार. भावाच्या घरून गावी जाण्याच्या मधल्या या फेरीला तिकीट काढणं आलंच.

तपासनिसाने काही विचारायच्या आत तिने हे सगळं त्याला सांगून टाकलं. सरळ माणसाची हीच तऱ्हा, चोरी न करताच कबुली देऊन मोकळा. त्याने तिचा फोन हातात घेतला, पास नीट वाचला आणि फोन परत केला.

"पैसे आत ठेवा, बाई. ती अट फक्त तुमच्या देशापुरती आहे."

"तेच सांगतेय मी."

"तुमचा देश फ्रान्स. माणूस राहतो कुठे, तेवढंच पास बघतो. जन्म कुठला, हे त्याच्या गावीही नसतं. इथे तुम्ही हव्या तेवढ्या फिरा."

अबीलियोला हसू आलं. फ्रान्सला गेलेली माणसं सुट्टीत येऊन बोलण्यात फ्रेंच शब्द पेरतात, म्हणून गावात त्यांना त्यातल्याच एका शब्दाने, 'आवेक' म्हणून, चिडवायची रीत होती.

"घे, आवेकबाई," तो म्हणाला. "देश गेला, पण गाडी फुकट मिळाली."

नोट अजून तिच्या हातातच होती. आपण मूळची तुआची, आई नुकतीच तिथल्या मातीत गेली, असं ती तपासनिसाला म्हणाली. त्याने टोपी काढली, वाईट वाटलं म्हणाला. पण पास काही बदलत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुठेतरी दुखलं, तेही लांबून, भूल दिलेला दात उपटताना जाणवतं तेवढंच. दर ऑगस्टमध्ये याच गाडीत बसून ती आईला फोन करायची, घरी येतेय म्हणून सांगायची. घराची किल्ली आता अबीलियोच्या खिशात होती आणि गिऱ्हाईक रविवारी घर बघायला येणार होतं.

"तरी तिकीट द्या," ती म्हणाली. "तुआचं."

अबीलियोने संत्र्याची फोड तोंडाशी नेता नेता थांबवली. डोकं ठिकाणावर आहे का, असं त्याने बहिणीला विचारलं. तिने नोट तपासनिसापुढे धरली. तपासनिसाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खांद्याला अडकवलेलं यंत्र पुढे ओढलं. तिकीट बाहेर आलं. तिने ते दफनाच्या वेळी वाटलेल्या, आईच्या फोटोच्या कार्डाला लावून पर्समध्ये ठेवलं.

"परतीचंही देऊ?" त्याने विचारलं.

"नको," देओलिंदा म्हणाली. "परतताना पास चालेल."