आधी काम, मग माणूस

सुवर्णानं इमरानचं मनगट धरलं, पिरगाळलं आणि त्याला तोंडघशी भिंतीवर आपटलं. जाड जाकीट घालून रोज मार खायला उभा राहणारा इमरान कळवळला. बाकीच्या बायकांनी टाळ्या पिटल्या, पण रियाज सरांनी शिट्टी काही वाजवली नाही.

“उशीर झाला,” सर म्हणाले. “एवढ्या वेळात त्यानं तुमचं डोकं फोडलं असतं. तुम्ही हुकूम ऐकता, मनात त्याचं मराठी करता आणि मग हात उचलता. मराठीत कोणाला, कुठे, सगळं सांगून झाल्यावर करायचं काय ते शेवटी कळतं. इंग्रजीत आधी काम, मग माणूस, मग जागा. होल्ड. हिम. बाय द रिस्ट. होल्ड ऐकलं की हात निघालाच पाहिजे!”

नाशिकच्या एका बड्या हॉटेलात बायका गार्ड म्हणून भरायच्या होत्या. कंट्रोल रूममधून कानात हुकूम यायचे ते इंग्रजीतच, म्हणून मारामारीचा सरावही इंग्रजीतच चालायचा. परीक्षा उद्यावर आली होती. नोकरी लागली की वेगळी खोली घ्यायची आणि नवऱ्याच्या, संतोषच्या, तावडीतून एकदाचं सुटायचं, हे सुवर्णानं मनाशी पक्कं केलं होतं.

घरी सरावाला ती गादीची वळकटी भिंतीला उभी करायची आणि हुकूम सोडायला सासूला बसवायची. लंकाबाईला अक्षरओळख नव्हती, पण कानावर पडलेलं ती विसरायची नाही. सुवर्णा भाकरी थापताना ‘पुश हिम आउट ऑफ द गेट’सारखी वाक्यं घोकायची, ती म्हातारीनं आरतीसारखी पाठ करून टाकली होती. पुढचे दात नसल्यामुळे शब्दांतून वारा सुटायचा एवढंच. ते दात तिच्या नवऱ्यानं लाथ घालून पाडले होते. तो गेल्यावर कांद्याच्या चाळीत राबून तिनं हे दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं.

“हे हिम म्हंजी कोण गं?” तिनं एकदा विचारलं होतं.

“कोणीही, आई. समोर येईल तो बाप्या.”

“आन् त्याला अहोजाहो नाय?”

“नाही.”

“बरं हाय,” म्हातारी म्हणाली होती आणि पुन्हा माळ ओढायला लागली होती.

नवरा मारतो याचा सुवर्णाला राग होताच. पण तो मारत असताना सासू कोपऱ्यात बसून माळ ओढते, याचा त्याहून जास्त होता. जिनं स्वतः लाथा खाल्ल्या, तिच्या तोंडून पोराला साधं “आरं, थांब” निघू नये?

त्या संध्याकाळी संतोष एकलहऱ्याच्या कामावरून आला तो ठेकेदाराशी भांडूनच. दोरीवर सुवर्णाची गणवेशाची पँट वाळत होती. त्यानं ती ओढली आणि गटारीत भिरकावली.

“माझ्या घरात राहून बाप्यासारखी पँट घालून मिरवणार व्हय? उद्या जातीच कशी ते बघतो!”

त्यानं तिच्या कानाखाली जाळ काढला. केसांना धरून तिला ओट्यापर्यंत फरफटत नेलं. ओट्याची कड लागून तिचा ओठ फाटला. मग त्यानं तिचा डावा हात ओट्यावर दाबून धरला आणि खलातला लोखंडी बत्ता उचलला.

“हा हातच मोडतो. मग दे परीक्षा.”

वर्गात इमरानला लोळवणारी सुवर्णा जागच्या जागी थिजली. उजवा हात मोकळा होता, पण तो आपल्याला आहे हेच तिला आठवत नव्हतं. समोर हिम नव्हता. समोर ‘हे’ होते, ज्यांचं नावसुद्धा तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. बत्ता खाली आला आणि तिची करंगळी चिरडली. ती किंचाळली. बत्ता पुन्हा वर गेला.

“होल्ड.”

आवाज कोपऱ्यातून आला होता. सुवर्णाचा उजवा हात निघाला.

“हिम. बाय द रिस्ट.”

मनगट तिच्या मुठीत आलं. तिनं ते पिरगाळलं. आत काहीतरी कटकन वाजलं आणि बत्ता फरशीवर पडला.

“टर्न हिम टू द वॉल.”

संतोषचं तोंड भिंतीवर आदळलं. त्याचं नाक फुटलं आणि चुन्यावर रक्ताचा ओघळ उतरला.

“कीप हिम ऑन द फ्लोर.”

तो आडवा झाला. सुवर्णानं त्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि हात मागे आवळून धरला. धडा इथंच संपायचा. इथं सर शिट्टी वाजवायचे, इमरान कपडे झटकत उठायचा आणि सगळे चहाला जायचे. तिच्या करंगळीतून रक्त गळत होतं. धापा टाकत ती शिट्टीची वाट बघत राहिली.

“आये!” संतोष फरशीवरून ओरडला. “सोडाया सांग हिला! आये, हात मोडला गं माझा!”

लंकाबाईनं माळ खुंटीला अडकवली. गुडघ्यांवर हात टेकत ती उठली, दाराशी गेली, कडी काढली आणि दार सताड उघडलं. आरडाओरडा ऐकून आळीतली माणसं उंबऱ्याशी जमली होती. ती सगळी बाजूला सरली. म्हातारीनं पोराकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं.

“पुश,” ती म्हणाली. “हिम. आउट ऑफ माझं घर.”