मंगळवारचा गुडघा

"गुडघा दुखतोय," गुनवोरआजी खुर्चीत टेकत म्हणाली.

हंगेरीहून नॉर्वेच्या एका लहान बेटावर आलेल्या डॉक्टर इल्दिकोने थकून पेन खाली ठेवलं. तीन वर्षं झाली, तीच पाच-सहा माणसं यायची आणि धड आजार एकालाही नसायचा. राजीनाम्याचं पत्र लिहून खणात तयार होतं.

"आजी, मागच्या मंगळवारी डावा दुखत होता. आज उजवा धरून बसलात."

"या वयात दुखणं फिरतं राहतं, पोरी."

"खरं सांगा. तुमच्या या खोट्या दुखण्यांना मी कंटाळले आता."

आजीने गुडघ्यावरचा हात काढला. "आम्ही वार वाटून घेतलेत. सोमवारी शेजारच्या ओड्वारची पाठ, मंगळवारी माझा गुडघा. मागे एकदा पेशंट येत नाहीत म्हणून हा दवाखाना बंद झाला होता. त्याच हिवाळ्यात आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. बोटीने पलीकडे जायला तीन तास लागतात. त्यांना दोनच मिळाले."

खणाकडे गेलेला इल्दिकोचा हात परत आला. तिने पेन उचललं आणि लिहिलं, उजवा गुडघा.

"पुढच्या मंगळवारी दोन्ही दुखू द्या, आजी."