थेट पुलावरून

“मी या क्षणी मोहवाडीच्या पुलावर उभा आहे,” रविराज म्हणाला आणि पायानं बादली नळाखाली सरकवली.

घोटीतल्या लॉजच्या न्हाणीघरात नळ पूर्ण सोडला की मुंबईच्या स्टुडिओत तो महापुरासारखा ऐकू जायचा. रविराजच्या डाव्या कानाला चॅनेलचा फोन, उजव्याला केरूचा. केरू मोहवाडीचाच, घर पुलाच्या अलीकडं. केरूनं बघायचं आणि रविराजनं बोलायचं. चार पावसाळे असंच चाललं होतं. कॅमेरामनला चॅनेलनं केव्हाच काढलं होतं, मग एकट्यानं चिखल तुडवायचा कशाला?

पण गेल्या महिन्यात संपादक धनराजसरांना कुणीतरी चुगली केली. “तू जागेवर नव्हतास असं पुन्हा कळलं, तर घरी बसायचं,” सर म्हणाले. सतरा वर्षं या एका धंद्यात घालवलेली. पंचेचाळिशीत दुसरीकडं कोण उभं करणार? तरी पाऊस लागला की रविराज लॉजवरच थांबायचा.

“रविराज, पाणी नेमकं कुठपर्यंत आलंय?” स्टुडिओतल्या बाईंनी विचारलं.

त्यानं डावा फोन तळव्याखाली दाबला. “केरू, नीट बघून सांग रे.”

“दम धरा साहेब, बघतो. कठड्याला लागलंय. लय गढूळ हाय.”

“पाणी कठड्याला टेकलंय,” रविराजनं आवाज चढवला. “माझ्या पायाखालून नदी नुसती घोंघावतेय.”

तेवढ्यात उजवा कान मुका झाला. पावसात तिकडची रेंज दगा देतेच. आणि केरूशिवाय याच्याकडं सांगायला होतं काय, कप्पाळ! “आवाज येत नाहीये,” म्हणत त्यानं चॅनेलचाही फोन ठेवला, नळ बंद केला आणि चहा सांगायला खाली उतरला.

खालच्या टीव्हीवर पट्टी लाल झाली होती. मोहवाडीचा पूल कोसळला. शेजारी रविराजचाच फोटो, दहा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस असतानाचा. ‘आमचे प्रतिनिधी पुरात वाहून गेल्याची भीती.’

फोन वाजायला लागला, तो त्यानं बंद करून टाकला. जिवंत आहे म्हणावं, तर मग होतास कुठं? घरी बायको, उज्ज्वला, ऊर बडवत असेल, हे त्याला कळत होतं. तरी आधी आठवली ती नोकरी. माणूस किती खाली जातो, बघा.

त्यानं मोटारसायकल काढली. मोहवाडीच्या खालच्या अंगाला, पुलापासून अर्ध्या कोसावर, ती झाडीत दडवली. कडेच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरला, तोंडाला चिखल फासला, बाभळीची फांदी धरली आणि ओरडायला लागला.

दोरखंड घेऊन माणसं धावली. त्याला वर ओढताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. तहसीलदारांनी आपलं जाकीट त्याच्या खांद्यावर घातलं आणि हात वर केला. “एकच माणूस होता पुलावर, तो मिळाला. होड्या बाहेर घ्या.” दोन तास पाणी पालथं घालणारी पोरं दमून काठावर बसली.

कुणीतरी धनराजसरांचा फोन त्याच्या कानाला लावला. सर चक्क रडत होते. “तुझ्यावर संशय घेतला रे, माफ कर. बरा झालास की मुंबईला ये. इथं मोठी जागा देतो.”

गंगेत घोडं न्हालं. त्याला हायसं वाटलं, लाजही वाटली, पण हायसं जास्त वाटलं.

आता फक्त केरू. खरं काय ते त्या एकट्यालाच ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. रविराज गर्दीतला एकेक चेहरा न्याहाळायला लागला. केरू बडबड्या नव्हता. दोन शब्द गोड बोललं की गप्प बसेल. पण तो कुठंच दिसेना.

होड्या ट्रकवर चढल्या. ट्रक घोटीच्या रस्त्याला लागला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत केरूची म्हातारी आई, कुसाबाई, पुढं आली. तिनं रविराजचे दोन्ही हात घट्ट धरले. तिच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी होतं.

“तुमी सापडले साहेब, देव पावला. माझा केरू बी फोनवर बोलत बोलत पुलाच्या मधोमध गेला व्हता. तुमच्या संगंच व्हता ना तो?”