अकरा हंगामांची चपळाई

"पगाराच्या मर्यादेत तू बसत नाहीस, शर्वाणी. नवी गोलकीपर स्वस्तात मिळतेय," व्यवस्थापक निंबाळकर म्हणाले. "जाताना मानेतली चिप तेवढी काढून दे. ती क्लबची आहे."

"सर, अकरा हंगामांची माझी चपळाई साठलीय तिच्यात."

"म्हणूनच तर नव्या मुलीला बसवायचीय."

शर्वाणीने चिप परत करण्याच्या कागदावर सही केली.

पंधरा दिवसांनी ती सामान न्यायला मैदानावर आली. गोलमध्ये नवी मुलगी होती. तिने डावा पाय आडवा टाकून चेंडू अडवला, हुबेहूब शर्वाणीसारखा. उसळलेला चेंडू शर्वाणीकडेच आला. तिला तो दिसला, पण पाय हललाच नाही. नडगीवर फटका बसताच ती कळवळून खाली बसली.

मुलगी धावत आली. "मावशी, खेळातलं कळत नसेल तर कुंपणाबाहेर थांबावं ना!"