नवे आरसे

अरविंदच्या दुकानासमोर गजेंद्रची मोटारसायकल सकाळपासून उभी होती. जुनी सीट निघून जेल भरलेली मऊ, रुंद सीट बसली होती. मागं बॅकरेस्ट लागला होता. आता अरविंद खाली बसून क्रॅश गार्डवर फॉग लाइट आवळत होता.

"बसून पाह," गजेंद्र बायकोला म्हणाला. "पाठीले कुठं रुतते का?"

तृप्ती साडी सावरून मागच्या सीटवर चढली आणि पाठ टेकली. "सोफ्यावानी आहे. कन्याकुमारीपर्यंत झोपच लागन मले."

"झोपशील त समुद्र कोण पाहीन?"

ती हसली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि नवऱ्यानं नागपूरच्या पुढं न्यायचं कधी नाव काढलं नव्हतं. यंदा दिवाळी झाली, बागेतली संत्री उतरली आणि हे एकदम त्याच्या डोक्यात भरलं. गाडीवर जायचं, दोघांनीच. सोमवारी निघायचं ठरलं होतं. पोरगी, अपर्णा, तेवढे दिवस सौंसरला मामाकडे राहणार होती. दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा तृप्तीनं स्वतः निवडल्या होत्या, लाल पट्टीच्या; त्याही लागल्या होत्या.

"अजून एक जोडी लाइट लाव," गजेंद्र म्हणाला.

"भाऊ, हेच लई आहेत. समोरचा आंधळा होऊन जाईन."

"होऊ दे. तू लाव."

लाइट लागले. मग अरविंदनं छोटे आरसे काढून मोठे, लांब दांड्यांचे बसवले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो कानाला लावून अरविंद आत गेला.

गजेंद्र गाडीवर बसला. उजवीकडचा आरसा त्यानं थोडा खाली केला, मग किंचित बाहेर वळवला. "आता कसं! मागचा अख्खा रस्ता दिसून राहिला. तूही दिसून राहिली."

तृप्तीनं मागून आरशाकडे पाहिलं. काचेवर कंपनीचा पांढरा कागद तसाच चिकटलेला होता. त्यात ती दिसत नव्हती, रस्ताही दिसत नव्हता.

तिला वाटलं, गंमत करतोय. ती हसलीही. पण गजेंद्र अजून आरसा बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत होता, मान तिरपी करून, अगदी मन लावून. तिचं हसू गेलं.

ती उतरली आणि पुढं येऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. त्याचा उजवा डोळा गोटमारीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीच्या खेळात, गेला होता, लग्नाच्याही आधी. त्याची तिला सवय होती. या दुसऱ्या डोळ्याचा तिनं कधी विचारच केला नव्हता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आरशावर कागद आहे अजून."

गजेंद्रनं हात पुढं केला. बोटं काचेवरून फिरली, नखाला कागदाची कड लागली. हात तिथंच थांबला.

"पोळ्यापासून," तो म्हणाला. "धुकं आहे नुसतं. ऊन असलं की बरं दिसते."

"डॉक्टरले दाखवलं?"

"नागपूरले जाऊन आलो दोन खेपा. डोळ्याची नस सुकून राहिली म्हणते. गेलं ते वापस येत नाई. पावसाळ्यापर्यंत उरलंसुरलंही..."

"अन् मले मागं बसवून तुम्ही कन्याकुमारीले नेत होते?"

"समुद्र पाहाचा होता एकदा. तुझ्यासंगं."

"रेल्वेनं गेलो असतो!"

"रेल्वेनं काऊन, ते सांगा लागलं असतं मंग."

रस्त्यावरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर गेला. येताना पुलाच्या तोंडाशी एका हातगाडीला धक्का लागला होता आणि गजेंद्रनंच त्या माणसाला शिव्या दिल्या होत्या, ते तिला आठवलं. मग दुसरं काही आठवलं.

"अन् अपर्णा?" ती म्हणाली. "रोज टाकीवर बसवून शाळेत नेऊन राहिले तुम्ही तिले. पोळ्यापासून रोज."

गजेंद्रनं हँडलवरचे हात काढून घेतले.

अरविंद बाहेर आला. "अरे, हे काढाचंच राहिलं," म्हणत त्यानं दोन्ही आरशांवरचे कागद ओढून काढले आणि गाडीची चाबी पुढं केली. "भाऊ, लावून पाहा लाइट."

चाबी तृप्तीनं घेतली आणि पर्समध्ये टाकली.

"राहू द्या अरविंदभाऊ. घरी जाऊन पाहू."

ती स्कुटीसुद्धा चालवत नव्हती. अरविंद आत वळल्यावर ती हळूच म्हणाली, "गाडी इथंच राहू द्या. ऑटोनं जाऊ."

"इथं ठेवली त काऊन ठेवली म्हणून हा विचारन. सांजपर्यंत गावभर होईन." तो गाडीवरून उतरला. "घरापर्यंत त नेऊ दे मले."

तृप्तीनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती गाडीच्या मागं गेली आणि तिनं दोन्ही हात बॅकरेस्टला लावले.

"चालवाची नाई. ढकलू."

गाडी जड होती, त्यात नवं सामान. गजेंद्र हँडल धरून पुढं, ती मागं. डावीकडे घ्या, ती सांगायची. खड्डा आहे. थांबा, म्हशी जाऊन राहिल्या. तो तसंतसं करत होता. जाम नदीच्या पुलावर चढ लागला तेव्हा दोघांनाही धाप लागली.

समोरून सावरगावचा राजू मोटारसायकलवर आला. नव्या सीटकडे, लाइटांकडे, बॅगांकडे पाहत त्यानं वेग कमी केला.

"काय गजूभाऊ, पेट्रोल संपलं का?"

गजेंद्रनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"हो," मागून तृप्ती म्हणाली. "संपलं."

आणि तिनं पुन्हा जोर लावला.