हाकेची ओ

धरणावरच्या चौकीत मोबाइलला रेंज नव्हती. पाण्याची पातळी शितल राठोड अजूनही टेलिफोनच्या लाइनीवरून, मोडेम लावून कळमनुरीच्या कचेरीला कळवायची. आज दुपारी धरणाचे दरवाजे उघडणार होते, आणि त्याआधी खालच्या गावांना निरोप जायलाच हवा होता. पण कॉम्प्युटर एकच धोशा लावून बसला होता: तुमचा आयपी पत्ता दुसऱ्या कोणीतरी घेतला आहे.

"बघतेच, कोन हाय ते!" शितल इरेला पेटली.

तिनं त्या पत्त्यावर पिंग केलं. पिंग म्हणजे शेतात मारलेली हाकच. ओ किती वेळानं येते, त्यावरून माणूस किती लांब ते कळतं. ओ आली. नऊशे मिलिसेकंद.

तिनं भिंतीतली टेलिफोनची वायर उपटली आणि परत हाक दिली. सहाशे.

मोडेमच काढून टेबलावर ठेवला. दोनशे.

ओढणी कमरेला खोचून तिनं पुन्हा बटण दाबलं. नऊ. पुन्हा दाबलं. शून्य.

बाहेर पायरीवर बसलेल्या चौकीदार प्रेमदासकाकांनी विचारलं, "ताई, आत कोनाला ओ देऊन राहिल्या?"

शितलनं तोंडही उघडलं नव्हतं.