माहेरची आडोळी

शेवंतीच्या हातातील नारळाची तिसरी कवड पात्यावरून पुन्हा निसटली. शेजारच्या आडोळीवर मंगलने आपल्या तिन्ही कवडी केव्हाच खोवून संपविल्या होत्या आणि आता तिची सून गौरवी सुसाट सुटली होती. पेडण्याच्या त्या गावातील महिला मंडळाचा मंडप टाळ्यांनी दणाणत होता. सासू-सुनेची नारळ खोवण्याची शर्यत होती ती. प्रत्येक जोडीला तीन नारळांच्या सहा कवडी. तीन सासूने, तीन सुनेने, घरच्या एकाच आडोळीवर, म्हणजे खोवणीवर, बसून खोवावयाच्या. जी जोडी आधी उठेल, ती जिंकेल.

बक्षीस म्हणून मिक्सर होता. शेवंतीने त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. तिचा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीस लागला होता.

सकाळी निघताना सिद्धीने, तिच्या सुनेने, म्हापशाच्या बाजारातून आणलेली स्टीलची आडोळी पुढे केली होती. "आई, ही न्हेऊया. त्या जुनीच्या पात्याचे दात गेले."

"माझी आडोळी आज हरली, तर मी स्वतः तिका भंगारात घालतंय," शेवंती तडकून म्हणाली होती.

"ऐकलंय हां मी," ओसरीवरून तिचा नवरा सगुण म्हणाला होता. "सोमवारी येता भंगारवालो."

बोललेला शब्द गिळण्याची शेवंतीला सवय नव्हती.

चौतीस वर्षांपूर्वी तेरेखोलच्या तिच्या वडिलांनी परसातील फणस कापून त्या आडोळीचा पाट घडविला होता. लोहाराकडून पाते करवून घेतले होते. लग्नाच्या दिवशी ती मांडीवर घेऊन होडीतून ते नदीपार आले होते. बसून बसून तो पाट मधोमध खोलगट झाला होता. त्या खळग्यात बसले की आपल्याला कोणीतरी मांडीवर घेतले आहे, असे शेवंतीला वाटे. हे तिने कधी कुणास सांगितले नव्हते. पन्नाशी उलटलेल्या बाईने सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

तिसरी कवड एकदाची संपली. शेवंती उठली आणि सिद्धी खाली बसली.

सिद्धीने कवड उजव्या हाताने दाबली. पाते गुळगुळीतपणे सरकले. तिने पुन्हा दाबली. पुन्हा तेच. गौरवीची पहिली कवड एव्हाना रिकामी होऊन बाजूस पडली होती.

"शेवंते, सुनेक खोवाक शिकवलंस, की नुसता खावाक?" मंगलने विचारले. मंडपात हशा पिकला.

खरे कारण शेवंतीला ठाऊक होते. सिद्धी डावरी होती. आठ महिन्यांपूर्वी, घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिने डाव्या हाताने नारळ खोवावयास घेतला होता. शेवंतीने तो हातातून काढून घेतला होता. "देवाच्या नैवेद्याचो नारळ डाव्या हातान? ह्या घरात ता चलाचा नाय." तेव्हापासून सिद्धी सर्व कामे उजव्या हाताने करी. हळूहळू करी. त्या हळूपणासाठीही तिला बोलणी बसत.

सिद्धीने मान वर करून सासूकडे पाहिले. तिचा डावा हात गुडघ्यावर अस्वस्थपणे वळवळत होता.

एकीकडे स्वतःच घातलेला दंडक, आणि तो पाळणारी अख्ख्या गावची बायकामाणसे समोर बसलेली. दुसरीकडे बापाने मांडीवरून आणलेली ती फणसाची आडोळी.

"डाव्या हातान घे," ती म्हणाली.

"काय म्हटलंत, आई?"

"डाव्या हातान घे म्हटलंय. हो काय नैवेद्य न्हय."

सिद्धीने हात बदलला. आणि क्षणार्धात आवाजच पालटला. इतका वेळ नुसते सरकणारे पाते खर्र खर्र करून खोबऱ्यात शिरू लागले. ताटात मोगऱ्याच्या पाकळ्यांसारखा पांढराशुभ्र चव पडू लागला. पहिली कवड संपली. दुसरी संपली. हसणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मागच्या मुली खुर्च्यांवर चढल्या. गौरवीने एकदा वळून पाहिले आणि तिचा वेग दुप्पट झाला. शेवटची कवड दोघींच्याही हातात होती. शेवंतीचे ओठ हलत होते, परंतु देवाचे नाव काही तिला आठवेना.

गौरवी केसभर आधी उठली.

पंच जयराम मास्तरांनी तिचा हात वर केला. मंगल मिक्सरकडे धावली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवंतीच्या कानांपर्यंत तो पोहोचलाच नाही. ती आडोळीपुढे उकिडवी बसून पात्यावरून बोट फिरवीत होती. उजव्या अंगाला दात उरले नव्हते. तिकडे पाते नदीतील गोट्यासारखे गुळगुळीत झाले होते. चौतीस वर्षे तिने त्याच अंगावर भार दिला होता. मग बोट डाव्या अंगाला गेले आणि तिने ते झटकन मागे घेतले. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब उभा राहिला होता. लोहाराच्या भट्टीतून आला, तेव्हा तो भाग जसा होता तसाच आजही होता.

सगुण मंडपाच्या कडेने जवळ आला. त्याच्या मिशीत हसू मावत नव्हते.

"मगे, सोमवारी हाक मारूची मा भंगारवाल्याक?"

"मारा," शेवंती म्हणाली. "हरली ती माझी अर्धी. तेवढी काढून न्हेऊंदे. उरलेली अर्धी सुनेची असा, ती देता काय तिकाच विचारा."